रोटीतलं विष, सलाईनमधली दवा

शाबानचे शेवटचे दिवस होते. रात्री साडेदहाला फोन वाजला. आमच्या शाळेतल्या आठवीच्या एका मुलाचे वडील मुंबईहून बोलत होते. मुलाला रक्ताचा कर्करोग आणि बहिणीचा बोनमॅरो जुळलेला. प्रत्यारोपण होऊन बारा दिवस झाले होते. आम्ही सगळे समजत होतो की अवघड ते पार पडलं. पण वडिलांचा आवाज वेगळाच लागला. पोट फुगलंय, वजन वाढतंय, डोळ्यांत पिवळेपणा आलाय, उजव्या बरगडीखाली हात लावू देत नाही, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, लिव्हरचा 'व्हीओडी' दिसतोय, आणखी वाढला तर एक महागडं औषध आणावं लागेल.

"सर, ते औषध डुकराच्या आतड्यापासून बनतं म्हणे. द्यायचं का?"

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. डॉक्टर नाही, मुफ्तीही नाही. त्यांना म्हटलं, डॉक्टर सांगतील ते थांबवू नका, आणि सकाळी मौलानांशी बोला, मीही बोलतो. फोन ठेवला, पण झोप लागली नाही. ज्या आजाराचं नाव कधी कानावर पडलं नव्हतं, तो कुठून आला, कुणी ओळखला, हे वाचत बसलो. पुढचे कित्येक आठवडे वाचत होतो. ते वाचन इथे मांडतो आहे.

आधी शब्दाबद्दल थोडं, कारण शिक्षकाला त्याशिवाय चैन पडत नाही. मराठीत यकृत हा शब्द विज्ञानाच्या पुस्तकात राहतो. घरात आपण कलेजी म्हणतो ती ताटातली, आणि जिगर म्हणतो ती छातीतली. जिगरी दोस्त, जिगरबाज माणूस. गंमत अशी की फारसी जिगर आणि संस्कृत यकृत हे भाषाशास्त्राच्या हिशेबाने एकाच घराण्यातले शब्द आहेत. दोन वेगळ्या दारांनी आलेले चुलत भाऊ आपल्या वर्गात एकाच बाकावर बसलेत.

आता आजार. बोनमॅरो प्रत्यारोपणात दात्याच्या पेशी सलाईनसारख्या नसेतून देतात, त्यात चिरफाड नसते. खरा घाव त्याच्या आधीच्या आठवड्यात बसतो. रुग्णाचा स्वतःचा मॅरो, आणि त्यात दडलेला कर्करोग, पुसून टाकण्यासाठी केमोथेरपीचे इतके मोठे डोस देतात, कधी जोडीला सगळ्या अंगावर किरण देतात, की नवा मॅरो दिला नाही तर माणूस त्या औषधानेच जाईल. ही दवा शरीरात फिरते आणि तिचा बराचसा निपटारा यकृतात होतो. तिथेच काहींच्या बाबतीत हा आजार सुरू होतो, बहुधा पहिल्या तीन आठवड्यांत. म्हणजे नव्या मॅरोचा यात दोष नाही. जमीन तयार करताना वापरलेल्या विषाचा हा परिणाम आहे.

मला वाटलं होतं, हा आजार प्रत्यारोपणाबरोबरच जन्माला आला असेल. वाचल्यावर कळलं की तो त्याच्या कितीतरी आधीचा आहे. तो दवाखान्यात नाही, गरिबांच्या चुलीवर जन्मला.

१९२० साली विल्मट आणि रॉबर्टसन या दोघांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दक्षिण आफ्रिकेतल्या एका यकृतविकाराची हकिगत छापली. केप प्रांतातल्या गरीब घरांत माणसांची पोटं पाण्याने भरत होती, यकृत कडक होत होतं, आणि दारूचा संबंध नव्हता. माग काढत ते पावापर्यंत पोहोचले. गव्हाच्या शेतात सेनेसिओ नावाचं तण माजलं होतं आणि नीट न पाखडलेल्या धान्याबरोबर त्याचं बी दळलं जात होतं. ज्यांची ऐपत चांगल्या पिठाची, त्यांना काही झालं नाही.

पुढचा मुक्काम जमैका. तिथे १९५० च्या सुमारास लहान मुलं अशाच फुगलेल्या पोटांनी दवाखान्यात येत होती. गेरिट ब्रास, जेलिफ आणि केनेथ स्टुअर्ट या डॉक्टरांनी १९५४ साली या आजाराला नाव दिलं, 'व्हेनो-ऑक्लुझिव्ह डिसीज'. सरळ मराठीत, शिरा बुजण्याचा आजार. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना यकृतातल्या बारीक शिरा आतून बुजलेल्या दिसल्या. कारण घरातच होतं. मूल आजारी पडलं की आया रानातली पानं उकळून 'बुश टी' पाजायच्या. त्या पानांत सेनेसिओ असे, क्रोटॅलेरिया असे. आई दवा म्हणून पाजत होती आणि मुलाचं यकृत बसत होतं. आपल्याकडे काढा म्हटला की कुणी प्रश्न विचारत नाही, म्हणून हा तपशील मला फार टोचला. 'नैसर्गिक आहे, नुकसान काय होणार' हे वाक्य मीसुद्धा स्टाफरूममध्ये शंभरदा बोललो असेन.

क्रोटॅलेरिया आपल्यालाही परकी नाही. ताग याच कुळातला. आणि पावसाळ्यानंतर माळावर पिवळी फुलं येऊन ज्याच्या वाळलेल्या शेंगा हलवल्या की खुळखुळतात तो खुळखुळाही तोच. ग्रीकांनीही तेच ऐकलं असावं, कारण क्रोटॅलेरिया हे नाव त्यांच्या खुळखुळ्यावरूनच आलंय.

हे तण भारतातही जेवणात शिरलं होतं. १९७३ ते १९७५ या काळात तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या, आता छत्तीसगडमधल्या, सरगुजा जिल्ह्यातल्या काही आदिवासी गावांत लोक पोटात पाणी होऊन मरू लागले. गोंदली नावाच्या बारीक धान्यात क्रोटॅलेरियाचं बी मिसळलेलं होतं. टंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधून १९७६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलं. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात अफगाणिस्तानातल्या हेरात भागातली बातमी आली. दोन वर्षांचा दुष्काळ पडला होता, गव्हात हेलिओट्रोपियमचं तण माजलं होतं, लोक 'चारमक' म्हणतात ते. सुमारे ३५ हजार वस्तीचा तो भाग. तपासलेल्या ७२०० माणसांपैकी २२.६ टक्के लोकांत यकृताच्या आजाराची लक्षणं सापडली. दुष्काळात कोण गहू निवडत बसतं? जे मिळेल ते दळायचं, भाजायचं, मुलांना वाढायचं.

या सगळ्या झाडांत एकाच घराण्याची विषं असतात, पायरोलिझिडिन अल्कलॉइड्स. हे विष पोटात जातं तेव्हा तितकंसं घातक नसतं. यकृत ते साफ करायला घेतं आणि साफ करताना त्याचं खरं विष बनवतं. पहारेकऱ्याने पकडलेला चोर चौकीत आणल्यावर तिथेच सुरा काढावा, तसं.

आता सिएटलला जाऊ. १९५० च्या दशकापासून डॉनल थॉमस हे डॉक्टर बोनमॅरो प्रत्यारोपणाच्या मागे लागले होते. सुरुवातीचे रुग्ण जवळजवळ सगळे गेले, सहकारी कंटाळले, पण ते थांबले नाहीत. १९७७ मध्ये त्यांच्या गटाने शंभर रुग्णांचा हिशेब दिला. हे सगळे ल्युकेमियाच्या शेवटच्या टप्प्यातले, बाकी सगळे उपाय थकलेले. त्यांपैकी १३ जण कर्करोगाशिवाय जिवंत होते. आज १३ हा आकडा लहान वाटेल. तेव्हा तो शून्याच्या शेजारी ठेवून बघायचा होता. १९९० मध्ये थॉमस यांना नोबेल मिळालं. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली भारतातलं पहिलं बोनमॅरो प्रत्यारोपण करणारे डॉ. सुरेश अडवाणी त्यांच्याकडेच शिकून आले होते. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे अडवाणी व्हीलचेअरवरून वॉर्डात फिरत.

तर वाचणाऱ्यांची संख्या वाढू लागली तशी एक नवी तक्रार पुढे आली. मॅरो रुजायच्या आतच काही रुग्णांचं यकृत दुखू लागे, वजन चढे, पोटात पाणी होई. १९७९ साली दोन ठिकाणांहून हे छापून आलं. एक गट अमेरिकेतला. दुसरा केपटाऊनचा, म्हणजे जिथे साठ वर्षांपूर्वी पावातलं तण सापडलं होतं तोच केप. शवविच्छेदनात दिसलं ते जमैकातल्या मुलांच्या यकृतासारखंच, बुजलेल्या बारीक शिरा. किरणोपचाराने असंच होतं हे १९६६ मध्ये रीड आणि कॉक्स यांनी दाखवलेलं होतं, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही. जुनंच नाव नव्या रुग्णांना चिकटलं.

पण दोषी कोण? अमेरिकेतल्या गटाला शंका आली दात्याच्या पेशींची. परका मॅरो रुग्णाच्या शरीरावर उलटतो, ही प्रत्यारोपणातली ओळखीची भीती होती, तेव्हा यकृतावरही तोच उलटला असेल. मात्र ज्यांना स्वतःचाच मॅरो परत दिला होता अशांनाही हा आजार होत होता. तिथे परकं कोणी नव्हतंच. मग बोट आपोआप तयारीच्या औषधांकडे वळलं. सिएटलचे यकृततज्ज्ञ जॉर्ज मॅकडोनल्ड आणि विकृतीतज्ज्ञ हॉवर्ड शुलमन यांनी रुग्णामागून रुग्ण तपासले. १९८४ साली त्यांनी सांगितलं की सुई घालून यकृताचा तुकडा काढण्याची वाट बघू नका. अशा रुग्णात रक्त गोठत नाही, सुईच जीव घेईल. कावीळ, दुखरं वाढलेलं यकृत, आणि कारणाशिवाय चढलेलं वजन, यांवरून ओळखा. काही वर्षांनी बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी थोडे कडक निकष दिले. कावीळ हवीच, आणि वजनाची वाढ पाच टक्के. आजवर डॉक्टर दोन्ही पद्धतींचा उल्लेख करतात, लहान मुलांसाठी वेगळे निकष पुढे आले, पण वजनकाटा सगळ्यांत कायम आहे.

म्हणूनच त्या वॉर्डात मुलाला सकाळ-संध्याकाळ काट्यावर उभं करत होते आणि पोटाभोवती शिंप्याची टेप लावत होते. वडिलांना ते आधी चेष्टेसारखं वाटलं होतं.

१९९३ मध्ये सिएटलच्या गटाने ३५५ रुग्णांचा हिशेब दिला, त्यांपैकी १९० जणांना हा आजार कमी-जास्त झाला होता. अर्ध्याहून जास्त. सगळीकडे इतकं प्रमाण नव्हतं. नंतर १३५ अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी १३.७ टक्के आली. ज्यांचा सौम्य, ते पाणी आणि मीठ सांभाळून, लघवीची औषधं देऊन बरे होतात. ज्यांचा तीव्र, मूत्रपिंड आणि फुफ्फुसंही बसली, त्यांच्यापैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त जात होते.

यातला ब्युसल्फान या औषधाचा अध्याय मला सगळ्यांत शिकवणारा वाटला. हे औषध १९५३ पासून रक्ताच्या एका सावकाश वाढणाऱ्या कर्करोगावर थोडं थोडं देत. १९८० च्या दशकात बाल्टिमोरमध्ये सांतोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते किरणांऐवजी प्रत्यारोपणाच्या तयारीत वापरलं. पण त्याची गोळी होती दोन मिलिग्रॅमची. वजनाच्या दर किलोला एक मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, चार दिवस. साठ किलोच्या माणसाचा हिशेब करून बघा, एका वेळी तीस गोळ्या, अशा सोळा वेळा. उलटी झाली तर किती पोटात राहिल्या? एकाच्या आतड्यांनी सगळं शोषलं, दुसऱ्याच्या आतड्यांनी अर्धं. डोस कागदावर सारखा, रक्तात मात्र वेगळा. १९८९ मध्ये ग्रोशो यांनी रक्तातलं प्रमाण मोजून दाखवलं की ज्यांच्या रक्तात औषध जास्त साचतं त्यांचंच यकृत जास्त बिघडतं. मग रक्त तपासून डोस कमी-जास्त करणं आलं आणि १९९९ मध्ये अमेरिकेत नसेतून द्यायचं ब्युसल्फान मंजूर झालं. तीस गोळ्यांचा मूठभर ढीग गेला. हे पाऊल कुठल्याही नव्या औषधापेक्षा जास्त यकृतं वाचवणारं ठरलं असावं, असं माझं मत झालंय. त्याची बातमी मात्र होत नाही.

भारतातलं कामही सांगायला हवं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात थॅलेसेमियाच्या मुलांची प्रत्यारोपणं होतात. या मुलांच्या यकृतात वर्षानुवर्षांच्या रक्तभरणीने लोह साचलेलं असतं, त्यामुळे ती आधीच दुबळी. तिथल्या डॉक्टरांनी २००४ साली दाखवलं की विष निष्प्रभ करणारं ग्लुटाथायोनशी जोडलेलं एक जनुक ज्या मुलांत नसतं त्यांना हा आजार जास्त होतो. पुढे त्यांनी जोखमीच्या मुलांसाठी ब्युसल्फान बाजूला ठेवून ट्रिओसल्फान वापरलं आणि आजार ठळकपणे कमी झाला.

पण मुळात घाव कुठे बसतो? नाव सांगत होतं शिरांत. पन्नास वर्षं सगळे शिरांकडे बघत होते. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लॉरी डिलीव्ह यांनी उंदरांवर काम केलं आणि त्यासाठी विष निवडलं मोनोक्रोटालिन. ते येतं क्रोटॅलेरियातून, आपल्या खुळखुळ्याच्या कुळातून. त्यांना दिसलं की पहिला बळी शिरा नाहीत. यकृताच्या आत रक्त झिरपत जाणाऱ्या अतिबारीक वाटा असतात, त्यांना आतून पातळ पेशींचं अस्तर असतं. विषाने त्या पेशी आकसून गोल होतात, अस्तर सुटतं, खालच्या फटींत रक्तपेशी घुसतात, सुटलेले तुकडे वाहून पुढची वाट अडवतात. मग रक्त तुंबतं, यकृत फुगतं, पाणी पोटात झिरपतं. शिरा बुजणं ही नंतरची गोष्ट, आणि कित्येक रुग्णांत ती होतही नाही. केमोची सायक्लोफॉस्फमाइड सारखी औषधंही याच पेशींना आधी मारतात आणि तीही यकृताने फोडल्यावरच विषारी होतात. २००२ मध्ये डिलीव्ह, शुलमन आणि मॅकडोनल्ड यांनी आजाराचं नाव बदललं, सायनुसॉइडल ऑब्स्ट्रक्शन सिंड्रोम. बारीक वाटा तुंबण्याचा आजार. डॉक्टर अजून सवयीने व्हीओडीच म्हणतात.

म्हणजे हेरातच्या बाईने दुष्काळात भाजलेली रोटी आणि मुंबईच्या वॉर्डातली सलाईनची पिशवी यकृताच्या एकाच पेशीवर जाऊन आदळत होती. हे वाचलं त्या रात्री मी उठून खिडकीशी उभा राहिलो होतो.

आता ते औषध, ज्याच्यासाठी फोन आला होता. नाव डेफिब्रोटाइड. इटलीत कोमोजवळ ते बनू लागलं. डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून डीएनए काढून, त्याचे बारीक तुकडे करून ते तयार होतं. काम त्या अस्तराच्या पेशींना सांभाळण्याचं आणि गुठळ्या विरघळवण्याचं. बोस्टनच्या पॉल रिचर्डसन यांनी १९९८ मध्ये १९ गंभीर रुग्णांना दिल्याचं छापलं, त्यांपैकी ८ जणांचा आजार हटला. पुढच्या मोठ्या अभ्यासात १०२ रुग्णांची तुलना आधीच्या ३२ रुग्णांशी केली. शंभराव्या दिवशी औषध मिळालेल्यांपैकी ३८ टक्के जिवंत होते, न मिळालेल्यांपैकी २५ टक्के. युरोपात २०१३ मध्ये आणि अमेरिकेत २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. आजार होऊच नये म्हणून आधीपासून द्यावं का, यावर मुलांवरच्या २०१२ च्या अभ्यासात फायदा दिसला, २०२३ मध्ये छापलेल्या मोठ्या अभ्यासात दिसला नाही. तेव्हा ते संजीवनी नाही, खर्च लाखांत, पण तीव्र आजारात हाताशी दुसरं फारसं काही नाही.

या औषधाच्या नात्यात आणखी एक आहे, हेपारिन, रक्त पातळ ठेवणारं. तेही बहुतांश डुकराच्या आतड्यांतून येतं, आणि आपल्यापैकी ज्यांच्या घरी अँजिओप्लास्टी किंवा डायलिसिस झालं त्यांच्या नसांतून ते गेलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. विचारलं कुणी नाही, सांगितलं कुणी नाही. यकृतासाठी प्रत्यारोपणात रोज देतात ती अर्सोडीऑक्सिकोलिक अॅसिडची गोळी अस्वलाच्या नावाची आहे. हे आम्ल १९०२ मध्ये ध्रुवीय अस्वलाच्या पित्तात सापडलं, आता गुरांच्या पित्तापासून बनवतात.

सकाळी मी आमच्या मौलानांकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, दुसरं औषध आहे का? नाही म्हटलं. डॉक्टर भरवशाचे आहेत का? आहेत. मग ते म्हणाले, विचारायला उशीर का केला? कुरआनात डुकराच्या मनाईचा उल्लेख चार जागी आहे आणि चारही जागी त्याच आयतीत अगतिक माणसाला सूट दिलेली आहे, हे त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. पदार्थाचं मूळ रूप पूर्ण बदललं तर हुकूम बदलतो का, याला फिक्हमध्ये इस्तिहाला म्हणतात. १९९५ मध्ये कुवेतमध्ये फकीह आणि डॉक्टर एकत्र बसले होते, तिथे जिलेटिनसारख्या पदार्थांबाबत हे तत्त्व मान्य झालं. सगळे उलेमा ते मान्य करत नाहीत, आणि डेफिब्रोटाइडमध्ये रूप किती बदलतं यावर वाद घालता येईल. मौलाना म्हणाले, तो वाद आपण निवांत बसून घालू, आज पोराच्या जिगरचा प्रश्न आहे.

मी फोन केला. वडील गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "सर, मग मी पैशाचं बघतो."

त्यांनी बघितलं. जमातीने बघितलं, शाळेतल्या मास्तरांनी वर्गणी केली, आमच्या मराठी शाळेच्या बाजूच्या सहकाऱ्यांनी न मागता पाकीट दिलं. औषधाची चौकशी झाली, डॉक्टरांनी दोन दिवस वाट बघू म्हटलं. सोळाव्या दिवशी लघवी मोकळी होऊ लागली, कावीळ उतरू लागली. औषध आणावं लागलं नाही.

मुलगा ईदनंतर दोन महिन्यांनी शाळेत भेटायला आला, तोंडाला मास्क लावून, वर्गाबाहेरच उभा राहिला. वडिलांच्या हातात एक दोनशे पानी वही होती. पहिल्या पानापासून तारीख, वेळ आणि वजन, सकाळचं, संध्याकाळचं. बाराव्या दिवशीच्या ३३.९ खाली त्यांनी उर्दूत काही लिहून खोडलेलं होतं. मी विचारलं नाही.